मदत हवी आहे: छोट्या घराचा बाहेरचा भाग कमी खर्चात नीट करायचाय, आधी कशाला हात घालू?

नमस्कार. घरदुरुस्तीचे धागे वाचत असते, पण बहुतेक मोठ्या कामांचे असतात. माझं घर लहान आणि पैसेही बेताचेच, म्हणून वेगळा धागा काढतेय.

बैठं घर आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. दर्शनी भिंत पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर. आतून घर बरं आहे, बाहेरून मात्र बघवत नाही. जमिनीपासून साधारण गुडघ्यापर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत आणि त्याखाली पांढरी भुकटी येते. झाडली तरी पुन्हा येते. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर गेलीय. छज्जाखाली काळे ओघळ आहेत, ग्रिल गंजलंय, आणि पाइप-वायरी भिंतीवरून वाट्टेल तशा फिरवलेल्या आहेत.

रंगारी म्हणतो पुट्टी भरून दोन हात रंग मारू, घर नवं दिसेल. ओळखीतले एक काका म्हणतात खालच्या पट्ट्याला दगडी टाइल लाव, कायमची कटकट मिटेल. टाइल मला दिसायला आवडल्यात, खोटं कशाला बोलू! पण त्या लावल्या तर सगळे पैसे तिथेच संपतील. सगळं काम एकदम होणार नाही, टप्प्याटप्प्यानेच करावं लागेल. तर आधी काय, नंतर काय, आणि कशावर अजिबात खर्च करू नये?

प्रतिसाद

टाइलचं तूर्त विसरा. आधी तीन गोष्टी सांगा. भिंतीलगतची बाहेरची माती घरातल्या फरशीच्या तुलनेत किती खाली आहे? स्लॅबवरचं पाणी कुठे पडतं? आणि जिथे बाहेर पोपडे आहेत तिथे आतल्या बाजूला काय दिसतं?

धागाकर्ती

माती जवळजवळ फरशीच्या पातळीला आहे. पूर्वी भिंतीलगत फुलझाडांसाठी वाफा केला होता, त्यात दरवर्षी भर पडत गेली. जोतं असं आता दिसतच नाही. स्लॅबचं पाणी एका आखूड पाइपमधून बाहेर पडतं, थोडंफार भिंतीवरूनही ओघळतं. आत कपाटामागे रंगाला फुगे आलेत. ते मी बाहेरच्या दुखण्याशी जोडलं नव्हतं.

प्रतिसाद

मग उत्तर तुम्हीच दिलंत. हा रंगाचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे.

ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार. मातीतलं पाणी विटेत आणि गिलाव्यात केशाकर्षणाने वर चढतं, सोबत विरघळलेले क्षार आणतं. पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून जातं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलून पाडतात. जोत्यावर डीपीसीचा (डॅम्प-प्रूफ कोर्स, म्हणजे ओलरोधक) थर असतो तो हेच पाणी अडवायला. पण बाहेरची माती त्या थराच्या वर गेली की पाणी त्याला वळसा घालून थेट वरच्या विटांत शिरतं. थर शाबूत असूनही उपयोग शून्य. त्यात पाइपाचं पाणी भिंतीलगत आपटून वर उडतंय, म्हणजे ओल दोन्हीकडून.

म्हणून पहिलं काम फावड्याचं. वाफा काढा, माती डीपीसीच्या किमान सहा इंच खाली न्या. उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, दर चार फुटांना साधारण एक इंच. भिंतीला लागून दीड-दोन फुटांचा पट्टा जाड खडीचा केलात तर पावसाचे शिंतोडे चिखल घेऊन उडत नाहीत. पैसे असतील तर तिथे पुढे सिमेंटचा पट्टा करता येईल, पण उतार चुकला तर तोच पट्टा पाणी भिंतीकडे आणून सोडेल. खणताना एकदम खोल जाऊ नका, पायाच्या बाजूची माती मोकळी करायची नाही. फक्त वरची भर काढायची.

दुसरं, तो आखूड पाइप. त्याला कोपर लावून उभा पाइप थेट खालपर्यंत आणा आणि पाणी भिंतीपासून लांब सोडा. या दोन कामांना रंगाच्या मानाने फारच थोडे पैसे लागतात, पण ती न करता केलेला कुठलाही रंग टिकणार नाही.

टाइलबद्दल माझं मत कडक आहे. ओल्या भिंतीवर टाइल लावली की समोरून सुकायची वाट बंद होते. पाणी थांबत नाही, ते अजून वर चढून टाइलच्या वरच्या कडेला पोपडे काढतं, किंवा आतल्या बाजूने बाहेर पडतं. तुमच्या कपाटामागचे फुगे वाढतील. काही काळाने टाइल पोकळ वाजायला लागतात आणि सुटतात. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारे जाड थर ओल्या भिंतीवर बाहेरून फासले तरी हाच प्रकार.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक भर. क्षार झाडताना कोरडा ब्रश वापरा. धुतलेत तर ते पुन्हा विरघळून भिंतीतच शिरतात. आणि झाडलेली भुकटी भिंतीच्या पायाशी सोडू नका, उचलून टाका.

पोकळ वाजणारा गिलावा काढावाच लागेल, ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत. मग भिंत उघडी ठेवा. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. जाड ओली भिंत सुकायला इंचामागे महिना हा बांधकामातला जुना ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंतीचं गणित तुम्हीच करा. दोन्ही बाजूंनी हवा लागली तर लवकर सुकेल, म्हणून आतलं कपाट वीतभर पुढे ओढा.

प्रतिसाद

म्हणजे तोवर घरासमोर उघड्या विटा बघत बसायचं? मंडळी, बाईंनी घर चांगलं दिसावं म्हणून विचारलंय, प्रबंध नको झालाय त्यांना.

खालचा पट्टा सुकेपर्यंत वरचं काम करायला काय हरकत आहे? माझं म्हणणं असं की सगळ्यात जास्त फरक रंगाने पडत नाही, पसारा आवरल्याने पडतो. बंद पडलेल्या केबल्स, जुने खिळे, तुटकं ब्रॅकेट, वापरात नसलेले पाइप काढून टाका. चालू वायरी इलेक्ट्रिशियनकडून एका पट्टीत, खिडकीच्या कडेला समांतर घेऊन घ्या. जे पाइप राहतील त्यांना भिंतीचाच रंग द्या, ते दिसेनासे होतात. वेगळ्या रंगाने रंगवलेला पाइप म्हणजे भिंतीवर मारलेली रेघ.

मग दार. दाराला एकच ठसठशीत रंग, नवी कडी, घराचा क्रमांक लांबून वाचता येईल असा मोठा, आणि वर पिवळसर उजेडाचा एक दिवा, 2700 ते 3000 केल्विन लिहिलेला. पांढराफटक दिवा भिंतीचा प्रत्येक खड्डा दाखवतो. दिवा खाली तोंड करून असू दे, म्हणजे येणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही.

धागाकर्ती

प्रबंधही हवाय आणि दारही! दोन्हीबद्दल आभार. उघड्या विटांवर तात्पुरतं काही देता येईल का? आणि भिंत पूर्ण सुकली हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर पडत राहते. पुन्हा क्षार आले तर झाडून परत हात द्यायचा, स्वस्तात भागतं. पण तो उघड्या विटेवर, चुन्यावर किंवा कोऱ्या गिलाव्यावरच धरतो. जुन्या प्लास्टिक किंवा ऑइल पेंटवर देऊ नका, सुटेल. चुना कालवताना आणि लावताना चष्मा हवाच, डोळ्यात गेला तर वाईट भाजतं.

सुकल्याची खूण म्हणजे झाडल्यावर क्षार परत येणं थांबतं, आणि एका मोठ्या पावसानंतरही गडद डाग दिसत नाही. त्यानंतर गिलावा करा. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि रंगाआधी साधारण अठ्ठावीस दिवस जाऊ द्यायचे. ताजं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, घाई केली तर रंग पांढुरका पडतो किंवा सुटतो.

प्रतिसाद

पुट्टीबद्दल कोणी बोललं नाही. आतली पुट्टी बाहेर मुळीच नको. बाहेरची म्हणून मिळते तीही ओल्या पट्ट्यावर नको आणि इतरत्र फक्त खड्डे भरण्यापुरती. अख्खी भिंत आरशासारखी गुळगुळीत करायचा हट्ट सोडलात तर मजुरीत मोठी बचत होईल. बाहेरच्या भिंतीला थोडा खरबरीतपणा शोभतो, डागही कमी दिसतात.

जुना रंग किती धरून आहे ते आधी तपासा. तळहात घासून बघा, पांढरा भुगा लागला तर खरडून, धुऊन प्रायमर आवश्यक. मग ब्लेडने बारीक जाळी कापून वर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर निघाला तर त्यावर नवा रंग चढवण्यात अर्थ नाही, तोही त्याच्याबरोबर निघेल. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता असते. मग कोरडा घासू नका, ओला करून घासा, खाली कागद पसरा आणि मुलांना लांब ठेवा.

रंग बाहेरच्या भिंतींसाठीचा अॅक्रिलिक इमल्शन घ्या. सिमेंट पेंट स्वस्त पडतो, पण त्याला आधी भिंत भिजवावी लागते, नंतरही पाणी मारावं लागतं, आणि जुन्या इमल्शनवर तो धरत नाही.

हिशेब स्वतः करा, रंगाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका. समजा दर्शनी भिंत 20 फूट बाय 10 फूट, म्हणजे 200 चौरस फूट. दार 7 बाय 3 म्हणजे 21, दोन खिडक्या 4 बाय 4 च्या म्हणजे 32. उरले 147. डब्यावर किती जागा होते ते लिहिलेलं असतं, खरबरीत भिंतीला त्याहून थोडा जास्त लागतो. यंदा फक्त ही भिंत, बाकी पुढच्या वर्षी. फक्त डब्याचा शेड नंबर लिहून ठेवा आणि नवा रंग भिंतीच्या कोपऱ्यावर थांबवा, मधेच नको. जुळवाजुळव मधोमध उघडी पडते.

पश्चिमेची भिंत म्हणताय तर गडद रंग टाळा. लवकर विटतो आणि भिंत तापवतो. दुकानातल्या चिमुकल्या पट्टीवरून ठरवू नका. छोटा डबा आणून दोन फूट बाय दोन फूट लावा आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी बघा. खालचा पट्टा मात्र पुढे मातकट किंवा राखाडी ठेवा, शिंतोडे लपतात. टाइलची हौस थोडीफार तिथे भागेल.

प्रतिसाद

छज्जाखालचे काळे ओघळ धुऊन काढाल, पण छज्जाच्या खालच्या कडेला खाच आहे का बघा. कडेपासून इंचभर आत, लांबीभर एक बारीक खाच किंवा बाहेर आलेली पट्टी असली की पाणी तिथेच गळून पडतं. नसेल तर ते छज्जाच्या पोटाखालून सरपटत भिंतीपर्यंत येतं आणि ओघळ परत. खाच नंतर पाडता येते, किंवा कडेला अॅल्युमिनियमची बारीक कोनपट्टी चिकटवा. खिडकीच्या उंबऱ्याचा उतारही बाहेर हवा.

शेवाळ काढायला घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग. पंधरा-वीस मिनिटं ठेवून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, झाडं आधी भिजवून झाका. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा अमोनियाचं काही मिसळू नका, विषारी वायू होतो. जोराच्या पाण्याचं मशीन जुन्या गिलाव्यावर नको, सांध्यातून पाणी आत घुसतं.

प्रतिसाद

शिडी: चार फूट उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक फूट बाहेर. आणि बाजूला वाकून रंगवण्यापेक्षा उतरून शिडी सरकवा.

धागाकर्ती

काल पाऊस झाला तेव्हा छत्री घेऊन घराभोवती फिरले. पाइपाचं पाणी भिंतीवरून येतंय हे खरं, पण त्याहून जास्त शेजारच्या अंगणातलं वाफ्यात येऊन साचतं. वाफा काढायला घेतलाय, उतार त्या बाजूनेही फिरवणार. टाइल रद्द, काकांना सांगायचं बाकी आहे.

चिरेचं काय करू? आणि ग्रिल भिंतीच्या आधी रंगवू की नंतर?

प्रतिसाद

खिडकीच्या कोपऱ्यात चीर पडणं फार सामान्य आहे, तिथे ताण एकवटतो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, मधे एका जागी रुंदी मोजून ठेवा. एक ओला आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या. केसाएवढी असेल आणि वाढत नसेल तर इंग्रजी व्ही सारखी खोदून लवचीक क्रॅक फिलर भरा, सिमेंटने भरली तर पुन्हा फाटेल. पण वाढत असेल, पेन्सिल आत जाईल इतकी रुंद असेल, आतूनही तिथेच दिसत असेल किंवा खिडकी अडकायला लागली असेल, तर रंगाचे पैसे बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. पायाजवळ पाणी साचत होतं असं म्हणताय, तर हे लक्षात असू द्या.

ग्रिल: गंज घासणं आणि रेड ऑक्साइड प्रायमरचा हात भिंतीच्या आधी, म्हणजे गंजाची धूळ नव्या रंगावर बसणार नाही. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने सगळा सुटा गंज काढा, त्याच दिवशी प्रायमर मारा, रात्रभर उघडं ठेवलंत तर पुन्हा तांबडं होईल. इनॅमलचे दोन हात भिंत झाल्यावर. गजाचं टोक भिंतीत शिरतं तिथे बारीक ब्रशने नीट भरा, गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो आणि भिंतीवर तांबडा ओघळ सोडतो.