‘वीड आउट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
एका कार्यालयाच्या अहवालाचं मराठी करतेय. जुन्या नस्त्या (फायली) ‘वीड आउट’ केल्या, म्हणजे नको त्या काढून टाकल्या, असं एके ठिकाणी आहे. पुढे भरतीच्या पहिल्या फेरीत अर्धे उमेदवार ‘वीड आउट’ झाले, असं. मी दोन्हीकडे ‘निवडून काढले’ लिहिलं. साहेब म्हणाले, अर्थ उलटा होतोय. खरंच होतो का?

उत्तर
होतो, ताई. ‘निवडणे’ हे क्रियापदच दोन्हीकडून बोलणारं आहे. घरी तांदूळ निवडायला घेतले की ताटाच्या कडेला जातात ते खडे, मधे राहतात ते तांदूळ. पण ‘खडे निवडले’ असंही आपण सर्रास म्हणतो. तांदळाच्या ताटात घोळ होत नाही, कारण खडे कोणी शिजवत नाही. उमेदवारांचं तसं नाही. ‘अर्धे उमेदवार निवडून काढले’ वाचून निम्मे लोक पेढे वाटतील.

इंग्रजीत ही अडचण ‘आउट’ सोडवतो. नुसतं ‘वीड’ केलं तर कर्म वाफा किंवा बाग. ‘वीड आउट’ केलं की कर्म तण. आपल्याकडेही हेच आहे की! शेत निंदलं, खुरपलं, सातारा-कोल्हापूरकडे भांगललं. तण मात्र निंदून काढलं, खुरपून काढलं. ‘आउट’चं काम आपला ‘काढणे’ करतो. शेतातल्या तणाला ‘निंदून काढणे’ हे तर शब्दाला शब्द.

माणसांना आणि कागदांना ते चालणार नाही. ‘उमेदवार निंदून काढले’ म्हटलं तर लोकांना निंदानालस्ती आठवेल. तिथे ‘गाळणे’ घ्या. स्पर्धा परीक्षांमुळे ‘चाळणी परीक्षा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेच, त्याच्याशी ते जुळतंही. नस्त्यांना ‘बाद करणे’ किंवा सरळ ‘नष्ट करणे’. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात; अ कायम ठेवायचा, बाकीचे आपापली मुदत संपली की जायचे. माहिती अधिकाराच्या इंग्रजी उत्तरांत ‘रेकॉर्ड वीडेड आउट’ येतं ते याच अर्थाने.

दुसरं मत
‘निपटून काढणे’ का नको? किंवा ‘समूळ उच्चाटन’? वर्तमानपत्रांत तेच वाचतो.

उत्तर
ते ‘रूट आउट’. त्यात मुळापासून उखडण्यावर जोर असतो, मागे काय उरलं याच्याशी देणंघेणं नाही. ‘वीड आउट’मध्ये उरलेलं पीक महत्त्वाचं. त्यासाठीच तर खटाटोप. शिवाय मुळासकट जाईलच याची हमी नाही. लव्हाळा उपटून पाहा, पात हातात येते, गाठ जमिनीत राहते, आठ दिवसांत पुन्हा हिरवं.

‘छाटणी’ही टाळा. द्राक्षाची एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, तेव्हा काडी वाईट असते म्हणून कापत नाहीत. तसंच ‘विरळणी’ म्हणजे दाटी झाली म्हणून चांगली रोपंसुद्धा उपटणं. भरतीत खरं तर पुष्कळदा विरळणीच होते, जागाच कमी असतात, पण अहवाल लिहिणारा ‘वीड आउट’ म्हणाला म्हणजे गेलेल्यांना त्याने तण ठरवलं. शब्दातली ही खोच भाषांतरात आणायची का, ते तुम्ही ठरवा. मी आणणार नाही.

आणखी एक
आमच्याकडे कोकणात भाताची बेणणी. ‘निंदणी’ मी पुस्तकातच वाचली.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: ‘मुदत संपलेल्या नस्त्या बाद केल्या’ आणि ‘पहिल्या फेरीत अर्धे उमेदवार गळले’.

उत्तर
पहिलं पक्कं. ‘गळले’ मात्र नको, शाळेतल्या गळतीसारखं वाटतं, जणू पोरं आपणहून सोडून गेली. ‘गाळले गेले’ करा, म्हणजे कोणीतरी गाळलं हे राहील.