मदत हवी आहे: 'रन'ला एकच मराठी शब्द सुचवा (तातडीचं)

घाईत_आहे:
एका सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात 'रन' हा शब्द ४१ ओळींत आलाय. 'धाव' टाकलं, तपासणाऱ्याकडून परत आलं. 'चालवा' टाकलं, तेही परत आलं. सगळीकडे खपेल असा एकच शब्द हवाय. फाईल आज रात्री द्यायचीय. शब्दकोशाच्या लिंका देऊ नका, त्या बघून झाल्यात.

कानामात्रा:
क्रियापद की नाम? सॉफ्टवेअर कसलं? एखादी ओळ तरी टाका.

बटणबहाद्दर:
'चालवा'. बटणावर कायम आदरार्थी आज्ञार्थ. 'प्रशासक म्हणून चालवा' सगळ्यांना कळतं. 'प्रशासक म्हणून धावा' लिहिलं तर बिचारा कुठे पळतोय ते कळत नाही. विषय संपला.

शेवटचा_बाक:
गंमत म्हणून सांगतो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती, क्रियापदाचेच ४३० अर्थ. नंतरच्या सुधारणेत 'रन'नं त्याला मागे टाकलं: नुसत्या क्रियापदाचे ६४५.

घाईत_आहे:
६४५ नकोत हो, एक हवाय. घ्या ओळी: 'रन', 'रन कंट्रोल्स बिफोर ईच रन', 'रिएजंट रनिंग लो', 'पेपर रन आउट', 'ड्राय रन', '५ रन्स कम्प्लीटेड'.

विरामचिन्ह:
रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन? मग हे प्रयोगशाळेतलं तपासणी यंत्र. हे आधी सांगायचं की!

घाईत_आहे:
हो, रक्ततपासणीचं. त्यानं काय फरक पडतो? शब्द तोच आहे ना?

विरामचिन्ह:
शब्द तोच, अर्थ चार. आधी बघा, कर्म आहे का. इंग्रजीला फिकीर नसते, 'रन' सकर्मकही आणि अकर्मकही. मराठीत क्रियापदच बदलतं: यंत्र चालतं, यंत्र चालवतात. पाणी वाहतं, पण नळाचं पाणी 'रन' करायचं तर सोडतात. आणि 'धावणे'ला पाय लागतात. कपड्याचा रंग 'रन' होतो तेव्हा जातो, कागदावरची शाई फुटते, रस्ता नदीकाठानं जातो, उमेदवार निवडणूक लढवतो, करार ५ वर्षांचा असतो. यातलं कुणीच धावत नाही.
तुमच्या ओळी: 'रिएजंट संपत आलं आहे', 'कागद संपला'. या दोन्हींत 'रन'चं भाषांतरच करायचं नाही, पूर्ण वाक्प्रयोगाचं करायचं.

शेवटचा_बाक:
क्रिकेटच्या चष्म्यातून 'पेपर रन आउट' म्हणजे कागद धावचीत! 'धावचीत' काय झकास शब्द आहे पण. बाकी जुन्या इंग्रजीत वाहणं-धावणं आणि पळवणं यांना वेगवेगळी क्रियापदं होती, पुढे ती एकमेकांत मिसळली. आजचा गोंधळ तिथला.

बटणबहाद्दर:
एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, हा शब्दावलीचा पहिला नियम. दर ओळीला नवा शब्द काढला तर वापरणारा गोंधळणार.

कानामात्रा:
नियम 'एका संकल्पनेला एक शब्द' असा आहे, 'एका स्पेलिंगला' नव्हे. 'रन कंट्रोल्स बिफोर ईच रन'मध्ये पहिला 'रन' क्रिया, दुसरा नाम. तुमच्या नियमानं 'प्रत्येक चालवाआधी कंट्रोल चालवा' होतं.
नामाला 'फेरी' घ्या. एकवचन-अनेकवचनाच्या दोन्ही खात्यांत पूर्ण वाक्य भरा: '१ फेरी पूर्ण झाली', '५ फेऱ्या पूर्ण झाल्या'. नुसतं नाम बदलून 'झाली' तसंच ठेवलं तर '५ फेऱ्या पूर्ण झाली' दिसेल. 'रन' ठेवलात तर 'रन रद्द झाला' की 'झाली' की 'झालं', यावर प्रत्येक ओळीत अडाल.

पिपेट:
लॅबमध्ये यंत्रावर कुणी 'चालवा' म्हणत नाही. 'कंट्रोल (यंत्र बरोबर मोजतंय का ते बघायचा ठरावीक नमुना) लावलं का', 'सँपल लाव' असंच बोलतात. 'प्रत्येक फेरीआधी कंट्रोल लावा' लिहा, तंत्रज्ञाला दुसऱ्यांदा वाचावं लागणार नाही. आणि 'अभिकर्मक' पाठ्यपुस्तकात राहू द्या, बाटलीला सगळे रिएजंटच म्हणतात.

शेवटचा_बाक:
वा, 'लावणे' म्हणजे आपला घरचा 'रन'! फोन लावा, झाड लावा, नंबर लावा, वेळ लावला, बोल लावला. दिवा लावला की चालू होतो आणि दार लावलं की बंद. हे परक्या माणसाला शिकवून दाखवा.

बटणबहाद्दर:
आणि बटणावर नुसतं 'लावा' लिहिलं की ज्वालामुखी.

पिपेट:
हे मात्र खरं. कर्म सोबत असेल तरच 'लावा'. एकट्या बटणावर 'सुरू करा'.

घाईत_आहे:
'सुरू करा' टाकलेलं. यंत्राच्या पडद्यावर 'सुरू क' येतंय.

कानामात्रा:
मर्यादा किती आहे?

घाईत_आहे:
१६. त्यात तर ८च अक्षरं होती!

कानामात्रा:
ती १६ अक्षरं नव्हेत, बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीचं माप. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं. 'सुरू करा' म्हणजे ७ चिन्हं आणि एक मोकळी जागा, २२ बाइट. सोळाव्या बाइटला 'क' संपतो, तिथंच कात्री लागली. 'चालवा' ५ चिन्हांचं, १५ बाइट. बसतं.

बटणबहाद्दर:
मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

विरामचिन्ह:
पण मग 'चालवा' परत का आलं? घाईत, नुसता 'रन' आणखी कुठे दिसतो?

घाईत_आहे:
तक्त्यात स्तंभाच्या डोक्यावर. खाली १, २, ३ असे आकडे. तिथेही 'चालवा' उमटलं म्हणून परत आलं. पण फाईलमध्ये ओळ एकच आहे.

विरामचिन्ह:
हेच दुखणं. पीओ फाईलमध्ये, म्हणजे भाषांतराच्या ओळींच्या फाईलमध्ये, संदर्भ दिलेला नसेल तर सारख्या इंग्रजी ओळी एकाच नोंदीत गोळा होतात. त्या नोंदीच्या वर #: नं सुरू होणारी ओळ बघा, तिथे दोन ठिकाणांचे पत्ते दिसतील. कोड लिहिणाऱ्यांना दोन्हींना वेगळे संदर्भ द्यायला सांगा, एक 'बटण', एक 'स्तंभ'. मग फाईल नव्यानं काढली की दोन नोंदी मिळतील: 'चालवा' आणि 'फेरी'. तुमच्या बाजूनं नोंदीची नक्कल करून संदर्भ घालू नका, कोड तो मागतच नसेल तर ती वापरली जाणार नाही.

घाईत_आहे:
दोन पत्ते आहेत खरे. कोडवाले म्हणतात पुढच्या आवृत्तीत बघू. आज काय करू?

कानामात्रा:
आज त्या एकाच नोंदीत 'रन' राहू द्या. ६ बाइट, बटणावरही चालतं, स्तंभावरही. बाकी ४० ओळी नीट मराठीत करा. आणि शेऱ्यात कारण लिहा, नाहीतर तपासणारा पुन्हा परत पाठवेल.

घाईत_आहे:
ठीक. 'ड्राय रन'ला 'रंगीत तालीम' टाकतोय.

पिपेट:
थांबा. नमुना आणि रिएजंट न घेता यंत्राचा हात फिरवून बघतात, तीच पायरी असेल तर इथे ड्राय म्हणजे खरोखर कोरडं. मग 'कोरडी फेरी' बरोबर. नुसता सराव असेल तर 'चाचणी फेरी'. पडद्यावर त्याआधीची सूचना काय आहे?

घाईत_आहे:
'रिमूव्ह ऑल ट्यूब्ज'.

पिपेट:
मग कोरडीच.

नवा_सभासद:
नमस्कार. मला 'गेट' या शब्दाचा मराठी अर्थ हवा आहे. दाराचं नव्हे, दुसरं.

कानामात्रा:
ओळ टाका.