दोन दिवसांच्या वीकेंडमध्ये स्काय बेट? माझा स्पष्ट विरोध आहे

लीथवाली
मी एडिनबरात राहते. उन्हाळा लागला की लंडन, रेडिंगकडच्या ओळखीच्या जोडप्यांचे मेसेज सुरू होतात, आम्ही दोघं शुक्रवारी रात्री येतोय, शनिवार-रविवार गाडी घेऊन स्कॉटलंड करायचंय, प्लॅन जरा बघ ना. आणि प्लॅन दरवेळी तोच! शनिवारी सकाळी निघायचं, ग्लेनकोची दरी, ग्लेनफिननचा रेल्वेपूल, मुक्काम स्कायवर, रविवारी ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका, क्विरँगचे कडे आणि फेअरी पूल्स, मग येताना लॉख नेस तळं, रात्री एडिनबरा. अहो नकाशावर ते जवळ दिसतं पण एडिनबरा ते पोर्ट्री, म्हणजे स्कायचं मुख्य गाव, नुसतं ड्रायव्हिंगच साडेपाच-सहा तासांचं आहे, येताना परत तेवढंच, आणि यात फोटोला थांबणं, जेवण, पार्किंग शोधणं काहीच धरलेलं नाही.

माझा मुख्य मुद्दा पुढे आहे. दोघं फिरायला जाता आणि त्यातला एक जण दोन दिवस समोरच्या कॅम्पर व्हॅनचं बूड बघत गाडी चालवतो, दुसरा मोबाईलवर पुढचा स्पॉट किती मिनिटांवर आहे ते सांगत बसतो. ही सहल आहे का? ग्लेनकोला थ्री सिस्टर्स डोंगरांच्या पार्किंगमध्ये मी बघते ना, गाडी थांबते, दोघं उतरतात, सेल्फी, दार बंद, गाडी चालू. जिथे थांबले ती जागा काय आहे हेच माहीत नसतं. फेब्रुवारी १६९२ मध्ये याच दरीत मॅकडोनाल्ड लोकांच्या घरी सैनिक पाहुणे म्हणून जवळपास दोन आठवडे राहिले, त्यांच्याच घरचं जेवले आणि एका पहाटे हुकूम आला म्हणून त्याच यजमानांना मारलं. सुमारे ३८ माणसं गेली, शिवाय बर्फात पळून थंडीने मेलेली बायकामुलं वेगळी. हे ठाऊक असेल तर तिथे पाच मिनिटांत गाडीत बसवत नाही.

आणि दरीच्या दुसऱ्या टोकाला, गावाच्या मागे ग्लेनको लॉखन म्हणून छोटं तळं आहे तिकडे कुणी फिरकतच नाही. इथला जमीनदार लॉर्ड स्ट्रॅथकोना, त्याची बायको कॅनडाची, तिला इथे करमेना, म्हणून त्याने १८९० च्या दशकात तळं करवून घेतलं, भोवती उत्तर अमेरिकेतली झाडं लावली, तिला घरच्यासारखं वाटावं म्हणून. तरी ती रमली नाही आणि शेवटी दोघं कॅनडाला गेले. ती झाडं आता प्रचंड उंच झालीत, खालून सपाट पायवाट आहे, तासभर नुसतं चालायचं. परदेशात संसार मांडलेल्या जोडप्यांनी बघायची जागा ही, आणि सगळे स्कायच्या घाईत तिच्या बाजूने निघून जातात.

म्हणून माझं मत, दोन दिवस असतील तर स्काय सोडा. एडिनबरापासून अडीच तासांवर ग्लेनको, तिथेच मुक्काम करा, बास.

हॅरोकर
ताई, तुम्ही तिथे राहता म्हणून हे बोलणं सोपं आहे. तुम्हाला वाटलं की पुढच्या शनिवारी परत जाता येतं. आमचं तसं नाही ना. माझं इथलं प्रोजेक्ट संपत आलंय, डिसेंबरला आम्ही पुण्याला परत, त्यानंतर यूकेचा व्हिसा, तिकिटं, पोरांच्या शाळा, कधी जमणार आहे परत? मग जे एकदाच बघायला मिळणार आहे त्यातलं सगळ्यात भारी बघायचं की झाडांमधनं तासभर चालायचं? आम्ही दोघांनी जूनमध्ये अगदी हाच प्लॅन केला. जूनमध्ये तिकडे रात्री दहा वाजता सुद्धा पुस्तक वाचता येईल एवढा उजेड असतो आणि पहाटे पाचच्या आधी सूर्य वर, म्हणजे दोन दिवसांत तुम्हाला पुण्यातल्या तीन दिवसांचा उजेड मिळतो. स्टॉरला आम्ही संध्याकाळी सातला चढायला लागलो, गर्दी उतरून गेलेली, वर आम्ही आणि मेंढ्या. दमलो, मान्य. पण माझी बायको आजही फोनचा वॉलपेपर बदलत नाहीये!

कुणाला काय बघितल्यावर समाधान मिळतं ते दुसऱ्याने ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

काळापाषाण
हॅरोकर +१. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे मला स्कायबद्दल जरा जास्तच प्रेम आहे, पण कारण ऐका. स्टॉर आणि क्विरँग ज्यात येतात तो ट्रॉटर्निशचा अख्खा डोंगर थरावर थर साचलेल्या लाव्हाचा, बेसाल्ट, वय साधारण सहा कोटी वर्षं. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे भूगर्भाच्या हिशोबात शेजारशेजारच्या तारखा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्या कड्यांच्या पायऱ्या बघून लगेच ओळख पटते. फरक असा की तिथे तो जड बेसाल्ट खालच्या मऊ खडकावर बसलाय आणि अख्खी कडा घसरत गेलीय, ब्रिटनमधली सगळ्यात मोठी दरड म्हणजे हीच. स्टॉरचा सुळका, क्विरँगचे ते वेडेवाकडे कडे, सगळं त्या घसरण्यातून आलेलं. क्विरँग तर अजून सरकतंय, तिथल्या रस्त्याची सारखी डागडुजी करावी लागते. हे ग्लेनकोला नाही मिळणार. ग्लेनकोही ज्वालामुखीच, पण चाळीस कोटी वर्षांपेक्षा जुना, तो वेगळा विषय.

लीथवाली
@काळापाषाण सर, हे इतकं छान सांगितलंत की मला आत्ता उठून जावंसं वाटतंय. पण बघा, तुम्ही जे सांगताय ते बघायला क्विरँगला निदान अर्धा दिवस चालायला हवं. त्या प्लॅनमध्ये क्विरँगला वीस मिनिटं आहेत. म्हणजे तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो.

@हॅरोकर, जून म्हणून जमलं. हेच नोव्हेंबरात केलं असतंत तर साडेचारच्या आधी अंधार, पुढचा सगळा रस्ता काळोखात, वर हरणं आडवी येतात.

शेजारची_सीट
मूळ पोस्टमधलं एक गृहीतक मला खटकलं, की एकच जण गाडी चालवणार. का बरं? गाडी भाड्याने घेताना दोघांची नावं टाका. भारतातलं लायसन असलं तरी यूकेत आल्यापासून एक वर्ष चालतं, रस्ता डावीकडचा, सवयीचा. जास्तीच्या ड्रायव्हरचे थोडे पैसे घेतात पण त्यात कंजुषी करू नका, दर दीड तासाला अदलाबदल करा, दोघांनाही खिडकी मिळते. माझ्या नवऱ्याला आधी माझ्या शेजारी बसायची भीती वाटायची, आता तो आरामात बाहेर बघत बसतो.

फक्त सिंगल ट्रॅक रस्त्यांचा नियम आधी समजून घ्या, कारण स्कायवर आत शिरलात की एकच गाडी मावेल असे, पण दोन्हीकडून वाहतुकीचे रस्ते आहेत. पॅसिंग प्लेस, म्हणजे गाडी बाजूला घ्यायला रुंद केलेली जागा, डाव्या हाताला असेल तर आपण त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्या समोर आपल्या बाजूलाच थांबायचं म्हणजे समोरचा त्यात शिरतो. मागे गाडी तुंबली असेल तरी थांबून तिला जाऊ द्यायचं, लोकांना कामावर जायचं असतं. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत, प्लीज! हात वर करून आभार मानायला विसरू नका.

आणि व्हिस्कीवाल्यांसाठी: डिस्टिलरीत टेस्टिंग करून गाडी चालवू नका. स्कॉटलंडची दारूची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. बऱ्याच ठिकाणी चालवणाऱ्याला त्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, तो रूमवर जाऊन घ्या.

रुळावरून
गाडीच नको म्हणतो मी. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीटवरून फोर्ट विल्यमची ट्रेन पकडा, पावणेचार तास, दोघं समोरासमोर बसा, डबा उघडा. वाटेत रॅनक मूर लागतं, मैलोनमैल नुसती दलदल, तिथे रुळाखाली पक्की जमीनच मिळेना म्हणून १८९० च्या दशकात काटक्या, मुळं आणि मातीच्या थरांवर अख्खी लाईन तरंगती टाकलीय. कॉरूर नावाचं स्टेशन आहे ज्याला सार्वजनिक रस्ताच जात नाही. खिडकीतून हरणांचे कळप दिसतात. मूरचा हा भाग गाडीवाल्यांना दिसत नाही कारण रुळाच्या बाजूने रस्ताच नाही.

ग्लेनफिननच्या पुलासाठी लोक वाफेच्या गाडीची महागडी तिकिटं महिनोन्महिने आधी काढतात. अहो फोर्ट विल्यमहून पुढे जाणारी रोजची साधी मॅलेगची लोकल त्याच २१ कमानींवरून जाते, वर्षभर, बऱ्याच कमी पैशात. जाताना डावीकडे बसा. फक्त रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा नाहीतर सोमवारचं ऑफिस बुडेल.

हॅरोकर
@रुळावरून ट्रेन भारीच आहे पण तुम्हाला वाटेल तिथे उतरता येतं का? आम्हाला एका वळणावर इंद्रधनुष्य दिसलं, गाडी बाजूला घेतली, थर्मासमधला चहा काढला आणि अर्धा तास तिथेच. ते कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हतं. घाईच्या ट्रिपमध्ये पण असे क्षण येतात हेच मी लीथवालीताईंना सांगतोय.

पेठेतली_पाहुणी
मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. दोनच दिवस आहेत ना, एडिनबरा सोडूच नका. शनिवारी किल्ला, कारण तिथली दुपारी एकची तोफ रविवारी उडत नाही. नॅशनल म्युझियम फुकट. संध्याकाळी आर्थर्स सीट, २५१ मीटर, आपल्या पर्वतीपेक्षा जरा जास्त दम लागतो पण वरून समुद्र दिसतो. रॉयल माईलवरचा आउटलुक टॉवर ज्या नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने नावारूपाला आणला तोच १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आला, तो टॉवर बघताना मला फार आपलंसं वाटलं. किल्ल्याच्या बाहेरच्या गल्ल्या, ते क्लोज, एकेकात शिरलं की दिवस जातो.

लीथवाली
@पेठेतली_पाहुणी ऑगस्टमध्ये फेस्टिवल असताना हे करून बघा, रॉयल माईलवर पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलं परवडत नाहीत. बाकी महिन्यांत शंभर टक्के सहमत.

नवीन_आलोय
सगळं वाचलं. आम्ही दोघं सप्टेंबरच्या शेवटी येतोय, लीड्सहून, मीच एकटा चालवतो, बायकोकडे लायसन नाही. तिला स्काय हवंय. काय करू?

लीथवाली
तिला स्काय हवंच असेल तर शुक्रवार-सोमवार सुट्टी काढा आणि स्कायवरच तीन रात्री राहा, बाकी काही घेऊ नका. सुट्टी मिळत नसेल तर ग्लेनको. सप्टेंबरअखेर मिजेसचा त्रासही संपत आलेला असतो, ते बारीक चावरे किडे जुलैत संध्याकाळी बाहेर उभं राहू देत नाहीत. बेट एवढंसं, दहा हजारांच्या आसपास वस्ती, त्यांच्यावरही दोन तासांसाठी येणाऱ्या गाड्यांचा लोंढा नको.

हॅरोकर
@नवीन_आलोय वहिनींना स्काय हवंय तर स्कायच. सुट्टी नाही मिळाली तरी जा. शुक्रवारी ऑफिसनंतर लगेच निघून फोर्ट विल्यमच्या अलीकडे कुठेतरी रात्री झोपा म्हणजे शनिवारी दुपारच्या आत बेटावर, लॉख नेस काढून टाका, तिथे पाणी काळं आणि किनाऱ्यावर झाडंच जास्त. मुक्काम मात्र आजच बुक करा, पोर्ट्रीत आयत्या वेळी काही मिळत नाही, आणि बरेच जण एका रात्रीसाठी रूम देतच नाहीत.

लीथवाली
लीड्सहून ऑफिस सुटल्यावर निघून त्याच रात्री फोर्ट विल्यमजवळ? एकट्या ड्रायव्हरने? सहा-साडेसहा तास आहेत, त्यातला लॉख लोमंडच्या काठाचा टप्पा अरुंद आणि वळणावळणाचा. अजिबात नको. करायचंच तर शुक्रवारी स्टर्लिंगला झोपा आणि शनिवारी सकाळी सहाला निघा.

नवीन_आलोय
स्टर्लिंगला रूम मिळाली. पुढचं बायकोशी बोलून ठरवतो, तिला हा सगळा धागा पाठवलाय.