पूर्ण मनाने देवाचं व्हायचं तर रविवारी बोट बंद ठेवायची का?

बंदरावरचा पोरगा: मंडळी, महिनाभर डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय, राग आला तरी चालेल पण खरं बोला. आम्ही वसईचे ख्रिस्ती कोळी, घरची डोलीची, म्हणजे पाण्याच्या ओढीवर मासे धरणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्याची बोट, बाबा गेल्यापासून मी आणि मोठा भाऊ बघतो. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लावून घेतली तेव्हाच मनात पक्कं केलं की आता अर्धवट नको. किनाऱ्यावर असेन तेव्हा रोज चर्चमधली मिस्सा (उपासना), रात्री मोबाईल बाजूला ठेवून घरच्यांसोबत रोझरी (जपमाळेची प्रार्थना), कमाईतला दहावा हिस्सा म्हणजे दशांश देवाला, आणि रविवारी बोट समुद्रात जाणार नाही. भाऊ भडकला, बोलतो तू काय फादर झालास का. पण मार्क 12:30 मध्ये येशू सांगतो की पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जीवाने, पूर्ण मनाने, पूर्ण शक्तीने देवावर प्रेम कर, चार वेळा "पूर्ण" आहे त्यात. गुड फ्रायडेला आमच्या बंदरातून कोणी बोट काढत नाही तेव्हा कोणाचं पोट उपाशी राहत नाही, मग रविवारीच का राहावं? आपण लोक सणाला बँड लावतो, फटाके लावतो, बाकी वर्षभर देव भिंतीवरच्या आल्तारात. मला ते जगणं नको झालंय.

जुना तांडेल: पोरा, तुझी तळमळ कळते. पण डोल पाण्याच्या ओढीवर चालते हे तुला मी सांगायला नको, पंधरवड्यातून एकदा उधाण येतं, तेव्हाचे चार-पाच दिवस काय ते खरे, भांगाला, पाण्याची ओढ मंदावते तेव्हा, जाळ्यात काय येतं? त्यात रविवार आला आणि तू बोट बांधून ठेवलीस तर नुसता तुझा वाटा जात नाही, खलाशांचा पण जातो. आधीच 1 जून ते 31 जुलै बंदी, त्यात वादळाचे इशारे आले की अजून दिवस जातात. आणि चर्चनेच शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरलीय ना, ती कोणासाठी? आपल्यासारख्यांसाठीच. येशूने पहिले शिष्य उचलले ते मच्छीमारच होते बाबा.

निर्मळची: काका, ते शिष्य जाळी टाकून मागे गेले हे पण तिथेच लिहिलंय. मला दादाचं पटलं. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया बघा, जपानमध्ये व्यापारात चांगला जम बसला होता, ते सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला 25 जणांसोबत क्रुसावर गेला. चर्चने त्याला 1862 ला संत केलं. त्याने नफा-तोटा मोजला असता तर आज आपण त्याचा सण केला असता का? आपण सगळे "जमेल तेवढं" वाले झालोय, म्हणून आपल्या पोरांना चर्च म्हणजे लग्नाचा हॉल वाटतो.

एक सून: मी ख्रिस्तीच आहे, रोज रोझरी करते, हे आधी सांगते नाहीतर कोणीतरी बोलेल हिला काय कळतं. माझे मिस्टर चर्चच्या रिट्रीटला (प्रार्थना शिबिराला) जाऊन आले आणि दारू सुटली, त्यासाठी मी देवाचे आभार मानते आणि मरेपर्यंत मानेन. पण त्यानंतर सोमवारी प्रार्थना ग्रुप, बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, शुक्रवारी रात्रभर जागरण, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं मी एकटी करायची, डायपरसुद्धा. दशांश वेळेवर गेला, मुलीची फी हप्त्याने भरली. एकदा मी बोलले तर म्हणाले, तू माझ्या आणि देवाच्या मध्ये येतेस. तेव्हा मी मार्क 7 काढून समोर ठेवलं. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून जे मोकळे होत, त्यांना येशू तिथे किती कडक बोललाय ते वाचा. दादा, तुझ्या यादीत मिस्सा आहे, रोझरी आहे, दशांश आहे, आईचं नाव कुठे आहे? आई आहे ना घरात?

निर्मळची: ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्यात भक्तीची चूक नाही ना, माणसाची आहे. भक्ती जास्त झाली म्हणून नाही, ती घरापर्यंत पोचली नाही म्हणून असं झालं.

एक सून: हेच तर मी म्हणते. मग ती "पूर्ण" कशी?

करजगावचा शेजारी: मी दापोलीकडचा. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मलेले कवी ना. वा. टिळक आठवले. 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि बायको लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, त्या बाईने काय सोसलं ते तिच्याच शब्दांत वाचायला मिळतं. टिळकांची निष्ठा खरी होती यात शंका नाही, पण तिची किंमत बायकोने मोजली हे पण खरं, दोन्ही एकदम खरं आहे. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. शेवटी त्या बाप्तिस्म्याला आल्या त्या स्वतःच्या मनाने, हुकमाने नाही. नंतर दोघांनी मिळून परकी पोरं घरात वाढवली. दादा, तू भावाला विचारलंस की नुसतं सांगितलंस?

बंदरावरचा पोरगा: सांगितलं. विचारलं नाही. आईला तर काहीच बोललो नाही, तिला भावाकडून कळलं. ताई, तुमचा प्रश्न लागला. सकाळच्या मिस्सेच्या वेळेलाच तिची शुगरची गोळी आणि नाश्ता असतो, ते वहिनी बघते, मी कधी त्याचा विचार केला नाही. उद्यापासून तिला नाश्ता देऊन, जमलं तर सोबत घेऊन मिस्सेला जाईन. पण तांडेल काका, रविवारचं मला अजून सुटत नाही. असं केलं तर? बोट जाऊ दे, मी जाणार नाही, माझ्या वाट्यातून एक खलाशी बदली देतो. कोणाचं नुकसान नाही.

जुना तांडेल: म्हणजे तू देवळात आणि तुझ्या जागी डहाणूकडचा कोणी पोरगा रविवारी जाळं ओढणार. दहा आज्ञांमधली ती आज्ञा परत वाच. त्या दिवशी तुझा नोकर, तुझी गुरं, तुझ्याकडे राहणारा परका, सगळ्यांनी विसावा घ्यायचा असं आहे तिथे. मी तर म्हणतो जा समुद्रात, पण थांबायचंच असेल तर स्वतःपुरता थांबू नको.

बंदरावरचा पोरगा: हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला भावाला ये बोलतो, मग धक्क्यावर बसून खलाशांना पण बोलावतो, उधाणाचे रविवार कोणते आणि भांगाचे कोणते ते कॅलेंडर घेऊन बघू. निदान भांगाच्या रविवारी सगळ्यांनीच थांबावं असं मी मागणार आहे, त्या दिवसाची त्यांची मजुरी माझ्या वाट्यातून. दशांश मात्र सोडणार नाही, तो पण माझ्याच वाट्यातला आहे.