पिकअपला स्वस्तातला एलईडी बार लावावा का? मी म्हणतो लावावा, पटत नसेल तर कारण सांगा

मानखुर्द_पिकअप :
बोलेरो पिकअप आहे माझी. नारायणगाव-ओतूरकडून टोमॅटो भरायचा, माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याण करत उजाडायच्या आत वाशी मार्केटला माल टाकायचा, हा रोजचा धंदा. वाशीत उशिरा पोचलं की भाव हातचा गेला, त्यामुळे घाट रात्रीच काढावा लागतो. कंपनीचे हॅलोजन एच४, ६०/५५ वॉट, घाटाच्या वळणावर रस्त्याच्या कडेची पट्टीसुद्धा नीट दिसत नाही आणि पावसाळ्यात तर दरडीतून आलेला दगड रस्त्यात पडलाय हे पंधरा-वीस फुटांवर आल्यावर कळतं, भरलेली गाडी तेवढ्यात थांबते का? नामांकित कंपनीचे बार (एलईडी चिपांचे पट्टीसारखे लांब जादा दिवे) धंद्याच्या गाडीला परवडत नाहीत, माझं बजेट दोन हजार. कुर्ल्यात सीएसटी रोडला एक बघून ठेवलाय, २० इंची, १२६ वॉट, स्पॉट-फ्लड कॉम्बो म्हणजे लांबचा आणि पसरणारा उजेड एकातच, खोक्यावर आयपी६७ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही असं लिहिलंय. कॅबिनच्या टपावर लावणार म्हणजे लांबपर्यंत उजेड पडेल. माझं मत स्पष्ट आहे, रात्री घाटात गाडी चालवणाऱ्याला बार लागतोच, ती चैन नाही.

कुर्ला_वायरिंग :
शेठ, बार घ्या पण टपावर अजिबात नको. टपावरचा उजेड आधी तुमच्याच बॉनेटवर पडतो आणि तिथून डोळ्यात येतो, आणि माळशेजला धुकं आलं की समोर पांढरी भिंत उभी राहते कारण तुमच्या नजरेच्या रेषेतलंच धुकं उजळतं. बंपरच्या वर, नंबर प्लेट झाकली जाणार नाही असा, खाली घट्ट बसवा.

आता १२६ वॉटचं. ४२ चिपा गुणिले ३ वॉट एवढाच तो हिशोब आहे, स्वस्त बारमध्ये चिप पूर्ण करंटवर चालवतच नाहीत, चालवली तर जळेल, तेवढी उष्णता बाहेर काढायला मागे ॲल्युमिनियमच नसतं. दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावायला सांगा आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरला लावा. खरा १२६ वॉट असेल तर साडेदहा अँपिअरच्या आसपास दाखवेल, चार दाखवले तर तो पन्नास वॉटचा बार आहे, त्याला पन्नास वॉटचेच पैसे द्या. मग दहा मिनिटं चालू ठेवून मागच्या फिनांना, म्हणजे उष्णता बाहेर काढणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना, हात लावा. त्या चांगल्या तापल्या पाहिजेत. फिना गारच आणि काच मात्र गरम, म्हणजे आतली प्लेट बॉडीला नीट टेकलेलीच नाही, एका सीझनमध्ये एक एक चिप मरत जाणार. लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्याकडे बघूच नका, चांगल्या चिपचे वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन धरा, म्हणजे १२६ वॉटला खोक्यावर तीस हजार छापलं असेल तर ते शक्यच नाहीये.

मुरबाडकर_दुचाकी :
मला हे अजिबात पटलेलं नाही. मी सरळगाव-टोकावडे रस्त्याला रात्री पाळी सुटल्यावर बाइकवरून घरी येतो, मानखुर्दवाले दादा ज्या रस्त्याने वाशीला जातात तोच रस्ता. पाऊस चालू असताना समोरून बारवाली गाडी आली की हेल्मेटच्या काचेवरचा प्रत्येक थेंब पेटतो, अख्खी काच पांढरी होते, रस्त्याची कड, खड्डा, समोरचं माणूस काही म्हणजे काही दिसत नाही, आणि ती गाडी गेल्यावर पुढचे काही सेकंद डोळ्यापुढे नुसता अंधार. त्याच अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात. डिपर मारला तरी निम्मे लोक बार बंद करत नाहीत, कारण बारचा स्विच वेगळा, खाली डॅशबोर्डला कुठेतरी लावलेला असतो, हात तिथवर जातच नाही.

आणि कायदा पण बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १११ वा नियम सांगतो की गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायची नाही, अपवाद म्हणून लावायची तर आधी आरटीओची मंजुरी पाहिजे. १०६ वा नियम डोळे दिपवण्याबद्दल आहे, आठ मीटरवर उभ्या माणसाच्या जमिनीपासून दीड मीटरवरच्या डोळ्यांना त्रास होईल असा दिवा नको. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलाचे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. दोन हजाराचा बार स्वस्त कसा म्हणायचा?

मानखुर्द_पिकअप :
दादा तुमचा त्रास खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या जागी बसून बघा ना. वर घाटमाथ्याचं मढ गाव सोडलं की रात्री दीड-दोनला समोरून गाडी येते कधीतरी, एका बाजूला दरी, एका बाजूला कातळ, मागे माल भरलेला. दगडावर चाक गेलं तर मीच जाणार आहे. समोर गाडी दिसली की मी बार बंद करणार, एवढी माणुसकी आहे. आणि हे नियम लावायचे तर आधी रस्त्याला रिफ्लेक्टर लावा, पट्टे मारा, कठडे नीट करा, मग बोला.

दादर_मंडई :
दोघांच्या मध्ये बोलतो. आमच्या तीन गाड्या कसाऱ्यातून नाशिकचा भाजीपाला आणतात, एकीलाही बार नाही. ठाण्यापासून दादरपर्यंत रस्त्यावर दिवे आहेत, बाकी घाटाच्या पट्ट्यासाठी मी हेडलाइटच नीट करून घेतो आणि तेवढ्यात भागतं, हे ठामपणे सांगतो.

बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजून बघा एकदा, इंजिन चालू ठेवून. जुन्या गाडीत बॅटरीला पावणेचौदा असतात आणि बल्बपाशी बारासुद्धा पोचत नाहीत, बाकीचं सगळं बारीक वायरमध्ये आणि स्विचमध्ये जातं. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. रिले किट (रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर घेतली की त्याच बल्बचा उजेड बदलतो, लॅमिंग्टन रोडला रिले, फ्यूज होल्डर, कपलर (वायर जोडायचा-सोडायचा प्लग) सगळं सुटं मिळतं आणि तुमच्या बजेटच्या आत बसतं. रिफ्लेक्टर बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात त्याची चकाकी उडते, करडा पडला असेल तर कितीही चांगला बल्ब टाका, उजेड आतच राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही, ते म्हणजे अलाइनमेंट. रिकाम्या पिकअपला फोकस सेट करतात आणि मग मागे टनभर माल टाकला की मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, पुढचं तोंड वर होतं आणि लो बीम समोरच्याच्या डोळ्यात आणि झाडाच्या शेंड्यावर. मग ड्रायव्हर म्हणतो रस्ता दिसत नाही, बार पाहिजे! नेहमीचा माल भरून सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावा, भिंतीवर दिव्याच्या उंचीची खूण करा, लो बीमची वरची कड त्या खुणेच्या दहा-बारा सेंटीमीटर खाली आली पाहिजे.

कुर्ला_वायरिंग :
मंडईवाल्या शेठचं रिले आणि अलाइनमेंटचं शंभर टक्के बरोबर, बारवाला आला तरी मी आधी तेच करायला सांगतो. पण कसारा आणि माळशेज एक धरू नका. कसाऱ्याला वर जायचा-यायचा रस्ता वेगळा आहे, ट्रकची रांग असते, पुढच्याच्या टेल लॅम्पवर गाडी चालते. माळशेजला एकट्याने उतरायचंय. वळणावर हेडलाइट सरळ दरीत पडतो, बाजूला पसरणारा उजेड लागतो, आणि तिथे कॉम्बोपेक्षा दोन छोटे फ्लड किंवा खाली लावलेले पिवळे फॉग लॅम्प जास्त कामाचे. पावसात पिवळा डोळ्याला कमी टोचतो, तरी खरा फरक दिवा किती खाली आहे त्याने पडतो. लांबचा स्पॉट घाटात काय करणार, तिथे लांब सरळ रस्ताच नाही.

मुरबाडकर_दुचाकी :
बघा, म्हणजे तुमचा वायरिंगवालाच सांगतोय की बार नको, फॉग लावा.

कुर्ला_वायरिंग :
तसं नाही म्हटलं हो. ज्याला बारच पाहिजे त्याने तो हाय बीमवर जोडावा, वेगळ्या स्विचवर नुसता सोडू नये. बॅटरीच्या प्लसवरून अडीच एमएम वायर, बॅटरीजवळच पंधरा अँपिअरचा फ्यूज, रिलेची ३० नंबर पिन, ८७ वरून बार, अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला. रिलेच्या कॉइलचा करंट हाय बीमच्या वायरवरून घ्यायचा आणि मध्ये एक कट-ऑफ स्विच. समोर गाडी आली, डिप केलं, की हेडलाइटबरोबर बार पण बंद, वेगळा हात न्यावाच लागत नाही. फ्यूज न लावता सिगारेट लायटरच्या वायरला जोडलेले बार आमच्याकडे येतात, वायरचं प्लॅस्टिक वितळून गोळा झालेलं असतं. आणि वाशीत, मुंबईत शिरताना वर कव्हर. फिटनेसच्या पासिंगला तो दिसला की काढायलाच लावतात, आठ वर्षांपुढच्या गाडीला तर दरवर्षी पासिंग आहे, त्यामुळे कपलर टाका, सुटा करता आला पाहिजे.

मानखुर्द_पिकअप :
ठीक आहे, टपाचा विचार सोडला. आधी रिले किट आणि माल भरून अलाइनमेंट करतो, रविवारी मार्केट बंद असताना. त्यानंतरही वळणावर दिसलं नाही तर पिवळ्या फॉगची जोडी, आणि बार शेवटी. पण बारची गरजच नाही हे मी आजही मान्य करत नाही, ज्याला पटत नाही त्याने जुलैत एकदा माझ्या शेजारी बसून घाट उतरावा.

मुरबाडकर_दुचाकी :
हाय बीमला जोडलं तर निदान बाइकवाल्याचा डिपर बघून तुम्ही बंद तरी कराल, तेवढं मान्य. पण टोकावड्यापुढे रस्त्याच्या कडेने शिफ्टवरून परतणारी माणसं पायी चालतात, पहाटे दुधाचे कॅन लावून सायकलवाले निघतात. त्यांच्याकडे डिपर नाही, ते तुम्हाला सांगणार कसं? घाट उतरलात की मोरोशीलाच तो कट-ऑफ बंद करा आणि मुरबाड मागे पडेपर्यंत हेडलाइटवरच चालवा.