मदत हवी आहे: फायरप्लेसच्या वर टीव्ही लावावा का? (न्यू जर्सी, गॅस फायरप्लेस)

तिखटमीठ:

मंडळी, नवीन टाउनहाऊसमध्ये सामान लागलं, पण ६५ इंची टीव्ही अजून खोक्यातच उभा आहे. घरात एकमत होत नाहीये.

फॅमिली रूमची रचना अशी: एका बाजूला डेकवर जायचं सरकतं काचेचं दार, दुसऱ्या बाजूला ओपन किचन, तिसरीकडे जिना. उरलेल्या भिंतीच्या मधोमध गॅस फायरप्लेस आहे. पुढे काच, आत खोटी लाकडं, स्विच दाबला की पेटते. तिच्याभोवती छतापर्यंत राखाडी दगड चिकटवलेला आहे आणि वर लाकडी मँटल, म्हणजे फळी. फळीची वरची कड जमिनीपासून ५४ इंचांवर, खोली ८ इंच. सोफा समोर साधारण १० फुटांवर येईल. फायरप्लेसच्या डावीकडे, काचेच्या दारापर्यंत, पाचएक फूट मोकळी भिंत आहे.

नवऱ्याचं म्हणणं, टीव्ही फळीच्या वरच लावायचा. सगळे शेजारी तसंच करतात, आणि दुकानाचा इन्स्टॉलरही म्हणाला, "रोज लावतो, काही होत नाही." फायरप्लेस चालू असताना वर किती तापतं, हे मात्र त्याने विचारलं नाही. मला नेमकी तीच धास्ती आहे.

दुसरं म्हणजे, सासू-सासरे नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी येत आहेत. सासूबाईंना स्पॉन्डिलायटिस आहे, आणि संध्याकाळच्या मालिका एकामागून एक बघायच्या असतात. बाहेर बर्फ, आत आग पेटलेली आणि सगळे टीव्हीसमोर, असाच त्यांचा हिवाळा जाणार. म्हणजे आग आणि टीव्ही दोन्ही एकाच वेळी चालू असणार.

तर प्रश्न: १) उष्णतेने टीव्ही खराब होतो का? २) उंचीमुळे मानेला खरंच त्रास होतो, की सवय होते? ३) दगडाच्या भिंतीत ब्रॅकेट नीट बसतं का? ४) वायरी कुठून न्यायच्या? ज्यांनी लावलाय त्यांनी कृपया लिहा. ज्यांनी लावून काढला त्यांनी तर नक्कीच.

मऊभात:

आमचा पाच वर्षांपासून फायरप्लेसवर आहे, काही झालं नाही. पण खरं सांगायचं तर आम्ही फायरप्लेस लावतच नाही. गॅसचं बिल कोण भरणार!

स्क्रूड्रायव्हर:

उष्णतेबद्दल अंदाजाने कुणी काही सांगू नका, मोजता येतं. टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर वापराचं तापमान दिलेलं असतं. बहुतेक कंपन्यांची वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइट असते. शिवाय टीव्ही स्वतःही तापतो, त्यामुळे काठावर पास होऊन उपयोग नाही.

टीव्हीची खालची कड जिथे येणार तिथे भिंतीला थर्मामीटर चिकटवा. आग पूर्ण मोठी करून, ब्लोअर (गरम हवा खोलीत फेकणारा पंखा) असेल तर तोही लावून, दोन तास जाऊ द्या. दहा मिनिटांनी बघून उपयोग नाही, दगड सावकाश तापतो. मग थर्मामीटर वर सरकवून पुन्हा बघा.

फायरप्लेसचं मॅन्युअलही काढा. मॉडेल नंबर खालच्या जाळीच्या आत पत्र्याच्या पट्टीवर असतो. लाकडी फळी किती उंचीवर किती बाहेर आलेली चालते, याचा तक्ता त्यात असतो. काही मॉडेलांत टीव्हीबद्दल वेगळी सूचना असते. फळी जितकी खोल तितकी गरम हवा पुढे ढकलली जाते. पण नुसती जास्त खोल फळी बसवून टाकू नका. लाकूड जितकं बाहेर येईल तितकं ते वर न्यावं लागतं.

भूमितीप्रेमी:

मानेचं गणित करून देतो. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर असतात. ६५ इंची टीव्हीची उंची ३२ इंच. फळीच्या वर ६ इंच सोडले तर खालची कड ६० इंचांवर, मध्य ७६ वर, वरची कड ९२ वर. १० फुटांवरून मध्य बघायला नजर जवळजवळ १६ अंश वर जाते आणि वरच्या कडेला साडेबावीस. होम थिएटरवाले १५ अंशांच्या आत राहा म्हणतात. तुम्ही मध्यालाच ती हद्द ओलांडताय. तुम्ही-आम्ही सोफ्यात घसरून बसून निभावून नेऊ. सासूबाई ताठ बसणार असतील तर त्यांची मान मागे कलणार. स्पॉन्डिलायटिसवाल्याला नेमकं तेच नको असतं.

ब्रॅकेट पुढे झुकवलं तर चित्र नीट दिसतं (खालून पाहिलं की बऱ्याच एलसीडी पॅनलचे काळे रंग राखाडी होतात, ओएलईडीत हा त्रास कमी). मान मात्र तेवढीच वर राहते. झुकवण्याने उंची कमी होत नाही, हे इन्स्टॉलर सांगत नाहीत.

गृहकृत्यदक्ष:

खाली ओढायचं ब्रॅकेट मिळतं ना! बघताना टीव्ही खाली ओढायचा, झालं की वर ढकलायचा. बहिणीकडे आहे, मस्त चालतं.

स्क्रूड्रायव्हर:

@गृहकृत्यदक्ष, चालतं, पण आग बंद असताना. खाली ओढलेला टीव्ही फळीच्या पुढे, थेट काचेतून निघणाऱ्या गरम हवेत येतो. धागाकर्तीला आग आणि मालिका एकत्र हवी आहेत. शिवाय ते ब्रॅकेट जड असतं, भिंतीवरचा भार वाढतो.

आता दगड. चिकटवलेला दगड म्हणजे बहुधा इंच-दीड इंच जाडीचं कृत्रिम दगडाचं आवरण. त्यात नुसते अँकर ठोकून टीव्ही टांगायचा नाही. बोल्ट मागच्या लाकडी स्टडमध्ये, म्हणजे भिंतीच्या आतल्या उभ्या खांबात, गेला पाहिजे. नेहमीचा स्टड फाइंडर दगडातून काही दाखवत नाही, त्यामुळे बाजूच्या ड्रायवॉलवर (जिप्सम बोर्डाच्या साध्या भिंतीवर) स्टड शोधून १६-१६ इंचांनी मापं पुढे न्यावी लागतात. पण फायरप्लेसच्या चौकटीत स्टड वेगळ्या अंतरावर असू शकतात, कधी पत्र्याचेही असतात. बिल्डरकडे ड्रॉइंग मागा. दगडाला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर दगड तडकतो किंवा सुटून हातात येतो. आणि दगड वरखाली असल्यामुळे ब्रॅकेट सपाट टेकत नाही, मागे पॅकिंग द्यावं लागतं.

इलेक्ट्रिकची_तार:

वायरींबद्दल. टीव्हीची पॉवर कॉर्ड भिंतीच्या आतून न्यायला नॅशनल इलेक्ट्रिकल कोडची (इथल्या वायरिंगच्या नियमांची) मनाई आहे. ती कॉर्ड त्यासाठी बनवलेलीच नसते. टीव्हीच्या मागे भिंतीत खोल बसवलेला नवा सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून घ्यावा लागतो. परमिटचं टाउनशिपला विचारा. एचडीएमआय आतून नेता येते, पण तिच्यावर सीएल२ किंवा सीएल३ (भिंतीच्या आत चालणाऱ्या केबलची खूण) छापलेलं हवं.

सर्वात महत्त्वाचं: त्या दगडामागची पोकळी रिकामी असते असं समजू नका. धुराचा पाइप तिथूनच वर जात असू शकतो. त्याच्यापासून किती अंतर सोडायचं हे मॅन्युअलमध्ये असतं. पाइप कुठून जातो ते कळल्याशिवाय तिथे ना वायर सोडायची, ना लांब बोल्ट मारायचा.

पंख्याखाली:

ठाण्यात घामाने निथळत हा धागा वाचतोय. टीव्हीच्या खाली आग लावायची आणि मग टीव्ही तापेल म्हणून काळजी करायची. चालू द्या.

तिखटमीठ:

@पंख्याखाली, जानेवारीत या, मग बोलू :)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोजून पाहिलं. थंडीत ओव्हनमध्ये दही लावते त्यासाठी घेतलेला डिजिटल थर्मामीटर पेंटरच्या निळ्या टेपने भिंतीला चिकटवला. आग मोठी, ब्लोअर चालू. दोन तासांनी फळीच्या वर ४ इंचांवर १२१ फॅरनहाइट. १२ इंचांवर १०८. ३० इंचांवर ९५. म्हणजे टीव्हीचा खालचा भाग चक्क मर्यादेच्या बाहेर. नवऱ्याने दुसऱ्या बाजूलाही चिकटवून पाहिलं, तिथेही फार फरक नाही. फळीवर ठेवलेली मेणबत्ती एका बाजूला वाकली होती. आकड्यांपेक्षा ती बघून त्याला जास्त पटलं असावं.

टीव्ही आणखी वर नेला तर उष्णता टळेल, पण @भूमितीप्रेमींचं गणित अजून बिघडेल. त्यामुळे फळीचा विषय संपला.

आता डावीकडच्या पाच फुटांचा विचार चालू आहे. तिथे बुटकं कपाट ठेवून त्यावर टीव्ही, आणि सोफा थोडा तिरका. म्हणजे आग आणि टीव्ही दोन्ही समोर येतात. टीव्हीची रुंदी जवळजवळ ५७ इंच आहे, म्हणजे जेमतेम बसतोय. दोन शंका: दुपारी काचेच्या दारातून पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला पडदा पुरेल का? आणि आगीपासून बाजूला किती अंतर सोडायचं?

स्क्रूड्रायव्हर:

बाजूला फार तापत नाही, गरम हवा वर जाते. तरी कपाटासाठी मॅन्युअलमधलं बाजूचं अंतर पाळा आणि टीव्हीच्या उजव्या कडेला तोच दह्याचा थर्मामीटर चिकटवून एकदा बघा. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल तर टीव्ही मागच्या भिंतीला पट्ट्याने बांधा. ड्रायवॉलमागचा स्टड शोधून त्यातच स्क्रू मारा.

मऊभात:

पडदा दोन थरांचा घ्या, एक पातळ, एक जाड. आमच्याकडे पातळ एकट्याने भागलं नाही. सोफा तिरका ठेवलात तर जिन्याकडची वाट अडत नाही ना, तेवढं आधी टेप लावून बघा.