मदत हवी आहे : ६५ हजारांत गेमिंग पीसी, पुढे वाढवता येईल असा

नमस्कार मंडळी,

मी आणि धाकटा भाऊ मिळून पीसी जोडायचं ठरवतोय. राहायला अकोल्यात. बजेट ६५ हजार, फारच ताणलं तर ७०. २४ इंची १०८०पी मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहे. व्हॅलोरंट रोजचं, अधूनमधून जीटीए ५, आणि सायबरपंक २०७७ एकदा नीट खेळायचाय.

इथल्या एका दुकानदाराचं कोटेशन : एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० बोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि 'एसएमपीएससकट (म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यासकट) कॅबिनेट'. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा विचारलं तर म्हणे, "चालते हो दादा, कोणी वापस नाही आणला आजवर." त्यावर नुसतं ५०० वॉट छापलंय, ८० प्लसचा (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) पत्ता नाही.

मला सगळं आजच घ्यायचं नाही. दोन वर्षांनी फक्त कार्ड बदलायचं, मग वाटलं तर प्रोसेसर. बोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट यांना परत हात लागू नये. तर एएम४ (५६०० बसतो तो जुना सॉकेट) घेऊन चांगलं कार्ड बसवू, की एएम५ (नवा सॉकेट) घेऊन कार्डात तडजोड करू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी त्या एसएमपीएसवर काट मारा. ६५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीवाला घ्या. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

३०५० ६ जीबी नको. नाव तेच, पण ८ जीबीवाल्या ३०५० मध्ये २५६० कोअर आणि १२८ बिटची मेमरी बस, यात २३०४ आणि ९६. वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून असल्या एसएमपीएसबरोबर खपून जातं. ए५२० वर पीसीआयई (बोर्डावर कार्ड जोडायची वाट) ३.० आहे. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० ही कार्डं मुळात या वाटेच्या आठच लेन वापरतात, ३.० वर त्या लेनचा वेग ४.० च्या निम्मा, आणि ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की खेळ अडखळतो.

एएम४ २०१७ पासून छान चाललं, पण आता शेवटच्या स्टेशनावर उभी गाडी आहे. ५७००एक्स३डी हीच खरी उडी, तीही नवीन मिळणं अवघड. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीने सांगितलंय. तुमच्या बेतात एएम५ च बसतं : रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबीची एकच डीडीआर५ स्टिक. एका स्टिकने थोडे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जातील, पण रॅमचे भाव बघता दुसरी सावकाश घ्या. ७५००एफ स्वस्त दिसेल, पण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय डिस्प्ले येत नाही. ७६०० मध्ये आहे. कार्ड वॉरंटीत गेलं तरी पीसी चालू राहतो. ८५००जी मात्र घेऊ नका, कार्डाला चारच लेन मिळतात.

कार्ड सध्या सेकंडहँड आरएक्स ६६००. बिल आणि सीरियल नंबर जुळवा, समोर अर्धा तास गेम चालवून बघा, मगच पैसे द्या.

आणि अकोल्याच्या मे महिन्यात पुढे काच असलेलं कॅबिनेट म्हणजे स्वतःहून भट्टी लावणं. पुढून जाळीवालंच घ्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धाच सहमत. १०८०पी वर खेळणाऱ्याने प्रोसेसरच्या भविष्यापायी आजचं कार्ड का मारायचं? ५६००, बी५५० आणि नवीन, वॉरंटीतलं आरएक्स ७६००. सायबरपंक आजच मस्त चालेल. चार वर्षांनी बोर्ड विका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. भाऊ दुसऱ्या बाजूला गेलाय, पण पैसे माझे जास्त आहेत, त्यामुळे एएम५. आमच्याकडे लाइट जाते, घरात ६०० व्हीएचा यूपीएस आहे. तो पुरेल का?

प्रतिसाद १

साधारण ३६० वॉटचा असतो तो. ६६०० ला १३२ वॉट धरा, प्रोसेसर आणि बाकीचं मिळून फार तर दीडशे. मॉनिटरसकट जेमतेम बसेल. गेम सेव्ह करून बंद करण्यापुरताच. बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पुढे मोठं कार्ड घेतलंत की १००० व्हीए लागेल.